एका कासवाभोवती किती बोटी?

समुद्री कासवांसोबत पोहायला, म्हणजे स्नॉर्कलिंग करायला, लोकांनी सामायिक बोटीने जावं की जाऊ नये, हा वाद दर हंगामात नव्याने पेटतो. एका कासवाभोवती पंधरा-वीस माणसांचं कडं पडलंय, कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवतंय, कुणी कॅमेरा थेट त्याच्या तोंडाशी नेतंय, अशी एखादी चित्रफीत फिरू लागली की एक बाजू म्हणते, हा छळ आहे, या सहली बंदच करा. दुसरी बाजू म्हणते, पर्यटकांच्या पैशामुळेच आज कासव मारण्यापेक्षा जिवंत ठेवणं परवडतं, मग चार बेशिस्त माणसांसाठी सगळ्यांना शिक्षा का? तिथून पुढे चर्चा माणसांच्या स्वभावावर जाते. संवेदनशील पर्यटक कोण, उथळ कोण, कुणाला निसर्गाची खरी ओढ आहे आणि कुणाला फक्त फोटो हवाय, यावर दोन्ही बाजू तावातावाने बोलतात. माझ्या मते हा वाद चुकीच्या जागी लढला जातोय. सामायिक बोट या प्रश्नातली खलनायक नाही. नीट चालवली तर कासव पाहण्याचा तो सर्वांत कमी नुकसानीचा आणि सर्वांत न्याय्य मार्ग आहे. पण एका जागी, एका वेळी किती बोटी, पाण्यात किती माणसं आणि बोटीचा वेग किती, हे सगळं जिथे बोटवाल्याच्या आणि गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडलेलं आहे, तिथे या सहलींना परवानगी असू नये आणि आपणही जाऊ नये.

आधी पाण्याखाली काय घडतं ते नीट पाहू, कारण वाद घालणाऱ्या पुष्कळांना ते ठाऊक नसतं. कासव हवेवर जगतं. त्याला कल्ले नाहीत. शांत झोपलेलं कासव तासन्‌तास पाण्याखाली राहू शकतं, पण चरत असताना, पोहत असताना त्याला दर काही मिनिटांनी श्वासासाठी वर यावं लागतं. ते घाबरलं, जोरात पळालं की साठवलेला प्राणवायू झपाट्याने संपतो. जाळ्यात अडकलेली कासवं इतक्या लवकर गुदमरतात त्यामागे हेच कारण आहे. आता या प्राण्याच्या बरोब्बर वर, त्याच्या आणि हवेच्या मधोमध, वीस माणसं पालथी तरंगत आहेत अशी कल्पना करा. कुणीही त्याला हात लावलेला नाही. कुणी ओरडलेलंही नाही. तरीही त्याचा वर येण्याचा रस्ता अडवलेला आहे. हिरवं कासव ही समुद्री कासवाची एक जात; ते मोठं झाल्यावर मुख्यतः समुद्री गवत आणि शेवाळ खातं. हा आहार कस कमी असलेला, त्यामुळे त्याला दिवसाचा मोठा भाग चरण्यात घालवावा लागतो. जेवायला बसलेल्या माणसाला कुणी एकदा उठवलं तर त्याचं काही बिघडत नाही. दर दहा मिनिटांनी उठवलं आणि हे रोज, महिनोन्‌महिने चाललं, तर बिघडतं. कासवाला त्रास देणारा ‘वाईट पर्यटक’ शोधत बसलो की नेमकं हे गणित नजरेतून सुटतं. चाळीस सभ्य माणसं मिळूनही एका कासवाचा दिवस खराब करू शकतात.

‘जाऊच नका’ म्हणणाऱ्यांचं म्हणणं म्हणून हलक्याने घेता येत नाही. कासवाला या भेटीतून काहीही मिळत नाही, हे खरं आहे. त्याने आपल्याला बोलावलेलं नाही. आणि पर्यटन आलं म्हणजे प्राणी वाचतो, हा आवडता सिद्धांत इतिहासात सपशेल खोटाही ठरला आहे. मलेशियाच्या तेरेंगानु राज्यातल्या रांताउ आबांगच्या किनाऱ्यावर लेदरबॅक या सर्वांत मोठ्या कासवाच्या माद्या अंडी घालायला येत. १९५० च्या दशकात तिथे वर्षाला सुमारे १० हजार घरटी होत. हा किनारा पर्यटनासाठी प्रसिद्ध झाला, लोक रात्री गर्दी करू लागले, अंडी घालणाऱ्या मादीवर विजेऱ्या मारल्या जात, तिच्या पाठीवर बसण्यापर्यंत मजल गेली. त्याच काळात अंडी बाजारात विकली जात राहिली आणि समुद्रात माद्या जाळ्यांत मरत राहिल्या. शतक संपता संपता घरटी मोजकीच उरली आणि पुढे तीही जवळपास थांबली. तिथे पर्यटक होते, पैसा होता, कौतुक होतं. कासवाला त्यातलं काहीच उपयोगी पडलं नाही. तेव्हा ‘आमच्या तिकिटावर कासवं जगतात’ असं कुणी म्हणालं, तर कोणत्या यंत्रणेतून जगतात, हे विचारण्याचा हक्क समोरच्याला आहे.

पण या उदाहरणावरून थेट बंदीकडे उडी मारणाऱ्यांना मी दुसऱ्या किनाऱ्यावर नेईन. माणसाचं आणि समुद्री कासवाचं नातं शतकानुशतकं खाणाऱ्याचं आणि खाद्याचं होतं. १५०३ साली कोलंबस कॅरिबियन समुद्रातल्या ज्या बेटांजवळून गेला, त्यांना त्याने कासवांवरून ‘लास तोर्तुगास’ असं नाव दिलं, इतकी ती तिथे होती. तीच आजची केमन बेटं. पुढच्या तीनशे वर्षांत जहाजांसाठी ताजं मांस म्हणून त्यांची इतकी शिकार झाली की १८०० च्या सुमारास तिथला कासवं पकडण्याचा धंदाच बसला. कोस्टारिकाच्या तोर्तुगेरो किनाऱ्यावरही विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हेच चालू होतं. मग आर्ची कार या प्राणिशास्त्रज्ञाने तिथे कामाला सुरुवात केली, १९५९ मध्ये संवर्धनासाठी संस्था उभी राहिली, १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यानाला कायद्याचं बळ मिळालं. आज तिथे रात्री किनाऱ्यावर जायचं तर परवानाधारक स्थानिक वाटाड्याशिवाय जाता येत नाही. ज्या गावात कासवाची किंमत मांसाच्या वजनावर ठरत होती, त्या गावाचं पोट आता जिवंत कासवावर चालतं. रांताउ आबांग आणि तोर्तुगेरो या दोन्ही ठिकाणी माणसं कासव पाहायलाच येत होती. फरक पडला तो संरक्षण आधी आलं की गर्दी आधी आली, यामुळे. पहिल्या ठिकाणी पर्यटन आलं आणि नियम मागाहून, उशिरा आले. दुसऱ्या ठिकाणी पर्यटनाला नियमांच्या चौकटीत जागा करून दिली गेली.

नियम म्हटलं की बहुतेक सहलींत एकच नियम सांगितला जातो: हात लावू नका. बोटीवर चढताना तो सांगतात, पाण्यात उतरताना पुन्हा सांगतात, आणि तो सांगितला की सगळ्यांनाच आपलं कर्तव्य पार पडल्यासारखं वाटतं. हा नियम हवाच. पण तो पुरेसा मानणं ही जुनी चूक आहे, आणि ती किती जुनी आहे हे बर्म्युडात दिसतं. १६२० साली तिथल्या विधानसभेने कासवांच्या रक्षणासाठी एक कायदा केला. असा कायदा त्या काळात अपूर्वच होता. अठरा इंचांपेक्षा लहान कासव पकडायचं नाही, असं त्यात ठरलं. हेतू चांगला होता. पण हिरवं कासव वयात यायलाच दोन-तीन दशकं किंवा त्याहून अधिक काळ लागतो. कायद्याने पिल्लांना अभय दिलं आणि अंडी घालणाऱ्या मोठ्या माद्या मात्र शिकारीला मोकळ्या ठेवल्या. बर्म्युडात घरटी करणारी कासवं अखेर संपली. कायदा होता, पण त्याने चुकीची गोष्ट वाचवली. आजच्या स्नॉर्कलिंगच्या सहलींमध्ये ‘हात लावू नका’ हा नियम जवळपास तेच काम करतो. डोळ्यांना सहज दिसणारी, फोटोत पकडता येणारी चूक तो थांबवतो. गर्दी, वेग आणि वेळ या तीन गोष्टी ज्यांनी खरं नुकसान होतं, त्यांना तो स्पर्शही करत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असं आपल्याकडे म्हणतात ते याच प्रकाराला.

यातला वेगाचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि वादात तोच जवळपास कधीच येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या मोर्टन बे या उपसागरात हिरव्या कासवांच्या दिशेने वेगवेगळ्या वेगाने बोट नेऊन ती किती वेळा बाजूला होतात हे संशोधकांनी मोजलं. हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. बोट ताशी ४ किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या चालीने, गेली तेव्हा ६० टक्के कासवं बाजूला झाली. ताशी ११ किलोमीटरला हे प्रमाण २२ टक्क्यांवर आलं. ताशी १९ किलोमीटरला फक्त ४ टक्के. ताशी १९ किलोमीटर हा काही शर्यतीचा वेग नाही; सहलीच्या बोटी दोन ठिकाणांच्या मध्ये सर्रास त्याहून वेगाने जातात. म्हणजे ‘कासव बोट बघून आपलं आपण बाजूला होतं’ हा बोटीवर नेहमी ऐकू येणारा दिलासा खोटा आहे. कासव बोटीच्या पंख्याखाली येतं तेव्हा पाण्यात उतरणारा पर्यटक कदाचित अजून बोटीतच असतो, मास्क पुसत असतो, आणि त्याला काही कळतही नाही. ज्याने पुढे जाऊन कासवापासून अगदी काटेकोरपणे अंतर राखलं, त्यालाही तिथवर आणणारी बोट कोणत्या वेगाने आली, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

आणि इथेच सामायिक बोटीच्या बाजूने माझा मुख्य युक्तिवाद आहे. पैसेवाला आणि पर्यावरणाची जाण असलेला पर्यटक बहुधा म्हणतो, मी गर्दीच्या बोटीने जात नाही, स्वतःची लहान बोट करतो. त्यामागचा हेतू मी समजू शकते. गर्दी नको, ओरडाआरडा नको, कासवाजवळ चारच माणसं. पण समुद्राच्या बाजूने हिशेब केला तर वीस माणसं एका बोटीतून गेली तेव्हा एक पंखा पाण्यात फिरला. चार-चारच्या गटाने गेली तेव्हा पाच पंखे फिरले, पाच बोटी आल्या-गेल्या, आणि बोट बांधायला बोया, म्हणजे तळाशी पक्का केलेला तरंगता गोळा, नसेल तर पाच नांगर प्रवाळावर किंवा समुद्री गवतावर पडले. खासगी बोटीतल्या चार माणसांना निवांतपणा मिळतो. कासवाला तो मिळतोच असं नाही, कारण त्या चौघांनंतर पुढचे चार येतात. सामायिक बोटीचा खरा दोष वेगळा आहे: ती वीस माणसं एकाच वेळी पाण्यात सोडते. त्यात अर्धे पहिल्यांदाच मास्क लावत असतात, दम लागला की प्रवाळावर उभे राहतात, फिन्सने वाळू उडवतात. हा दोष सुधारण्यासारखा आहे. पाण्यात एकावेळी चार-पाच जण आणि त्यांच्याबरोबर एक वाटाड्या, बाकीचे बोटीवर किंवा जवळच्या दुसऱ्या उथळ भागात सरावाला. कासवाकडे बाजूने जायचं, वरून किंवा मागून नाही. त्याची श्वासाची वाट मोकळी सोडायची. ठरलेली मिनिटं झाली की दूर व्हायचं. हे करायला कुठलंही नवं तंत्रज्ञान लागत नाही. जादा माणूस लागतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडा कमी वेळ येतो, इतकंच.

पण एखाद्या बोटवाल्याने हे सगळं मनापासून केलं तरी काय होईल? तो आपल्या माणसांना पाच-पाचच्या गटाने उतरवतो, आणि तेवढ्यात कासव दिसल्याचं पाहून शेजारच्या पाच बोटी तिथे येतात. प्रत्येक बोट आपापला नियम पाळते आहे, प्रत्येकीचे पाचच जण पाण्यात आहेत, आणि कासवाभोवती तीस जण आहेत. म्हणून बोटीगणिक नियम करून भागत नाही. नियम जागेगणिक लागतो. तो स्वेच्छेने पाळला जाईल ही आशाही धरू नये, कारण जो बोटवाला शहाणपणाने मागे थांबेल त्याचं गिऱ्हाईक नाराज होऊन दुसऱ्या दिवशी पुढे घुसणाऱ्याच्या बोटीत बसेल. चांगल्याला तोटा आणि वाईटाला नफा अशी रचना असताना चांगुलपणाचं आवाहन करत राहणं म्हणजे चांगल्या माणसाला एकटं पाडणं आहे. बाहेरून आलेली, सगळ्यांना सारखी लागू असलेली मर्यादाच त्याला वाचवू शकते.

अशा मर्यादा जगात प्रत्यक्षात आहेत, आणि त्या काही स्वप्नाळू कल्पना नाहीत. मलेशियातलं सिपादान बेट हिरव्या आणि हॉक्सबिल कासवांसाठी प्रसिद्ध आहे. तिथली निवासी हॉटेलं २००४ मध्ये बेटावरून हलवली गेली आणि सुरुवातीला दिवसाला १२० जणांनाच परवाने देण्याची मर्यादा आली. ग्रीसच्या झाकिंथोस बेटावरचा लागानास उपसागर लॉगरहेड कासवांच्या घरट्यांची भूमध्य समुद्रातली अत्यंत महत्त्वाची जागा आहे. तिथे १९९९ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यान झालं आणि उपसागराचे पट्टे पाडले गेले: एकात बोटीला पूर्ण मज्जाव, दुसऱ्यात नांगर टाकायला बंदी, आणि बोटी जिथे चालतात तिथे ६ नॉटची वेगमर्यादा. तरीही संरक्षण अपुरं आहे म्हणून २००२ मध्ये युरोपीय न्यायालयाने ग्रीसला दोषी ठरवलं. आणि आकडे शेजारी शेजारी ठेवले तर ६ नॉट म्हणजे ताशी जवळपास ११ किलोमीटरच. मोर्टन बेच्या अभ्यासात ज्या वेगाला २२ टक्केच कासवं बाजूला झाली, तोच हा वेग. कागदावर कडक दिसणारी मर्यादाही प्राण्याच्या मापाने सैल असू शकते, हे यातून मला दिसतं. थायलंडच्या माया बेमध्ये दिवसाला काही हजार माणसं उतरत होती. २०१८ मध्ये ती खाडी बंद केली गेली, २०२२ च्या सुरुवातीला उघडली तेव्हा बोटींना खाडीत प्रवेशच राहिला नाही. त्यांनी बेटाच्या मागच्या बाजूला लागायचं आणि लोकांनी चालत यायचं. बंद काळात ब्लॅकटिप शार्क परत उथळ पाण्यात दिसू लागले. हवाईतल्या हनाउमा बेमध्ये पाण्यात उतरण्याआधी माहितीपट पाहणं सक्तीचं आहे, पण तिथे नुसत्या शिकवणीवर भागवलं नाही. माणसांच्या संख्येवर मर्यादा आहे आणि आठवड्यातून ठरावीक दिवशी खाडी पूर्ण बंद असते. त्या दिवशी तिथल्या कासवांना कुणीही भेटत नाही. मला हा सगळ्यांत साधा आणि सगळ्यांत कमी वापरलेला उपाय वाटतो.

आता सर्वांत टोचणारा आक्षेप. संख्या मर्यादित केली की किंमत वाढते, आणि मग समुद्र फक्त श्रीमंतांचा होतो. याला उत्तर दिल्याशिवाय मर्यादेची बाजू घेणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. पर्वतीय गोरिलांचं उदाहरण मर्यादेच्या बाजूने नेहमी दिलं जातं आणि ते खरोखर भक्कम आहे. एका गोरिला कुटुंबाला दिवसातून आठच माणसं, तीही एकच तास भेटू शकतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आफ्रिकेतल्या विरुंगा पर्वतांत अडीचशेच्या आसपास गोरिला उरले होते. आज विरुंगा आणि युगांडातलं ब्विंडीचं जंगल मिळून ही संख्या हजाराच्या पुढे गेली आहे, आणि २०१८ मध्ये त्यांचा धोक्याचा दर्जा एका पायरीने सौम्य झाला. पण रवांडात या एका तासाचा परवाना २०१७ पासून १५०० डॉलरचा आहे. म्हणजे मर्यादा पाळली गेली आणि सामान्य माणूस बाहेर राहिला. हाच रस्ता कासवांसाठीही घ्यायचा का? मी म्हणेन, नाही. मर्यादा आणि चढी किंमत यांची गाठ निसर्गाने बांधलेली नाही. मर्यादित जागा लिलावाने वाटता येतात, तशा सोडतीने, आगाऊ नोंदणीने, पाळीपाळीनेही वाटता येतात. आणि दिवसाला शंभर माणसांना परवानगी असेल तर त्यांना पाच भरलेल्या सामायिक बोटींतून नेणं स्वस्तही पडतं आणि समुद्राला हलकंही. खर्च वाटला जातो, पंखे कमी फिरतात. सामान्य पर्यटकाचं हित आणि कासवाचं हित एकाच बाजूला येण्याची संधी क्वचित मिळते. इथे ती आहे. उलट संख्येवर मर्यादा न घालता नुसतं ‘जबाबदार पर्यटन’ म्हणत राहिलो, तर शेवटी गर्दीला कंटाळलेले पैसेवाले खासगी बोटी करतात, आणि गर्दीत उरलेल्यांना सगळे दोष चिकटतात.

दुसरा आक्षेप मला जाणत्या माणसांकडून ऐकायला मिळतो. कासवं मरतात ती मासेमारीच्या जाळ्यांत, प्लास्टिकने, किनारे बांधून काढल्याने आणि तापत्या वाळूने. घरट्यातली वाळू जास्त तापली की जवळजवळ सगळी पिल्लं माद्या निघतात. मग दहा पोहणाऱ्यांवर एवढी शाई कशाला? हा आक्षेप वस्तुस्थितीला धरून आहे. कोळंबीच्या जाळ्यात कासवाला बाहेर पडायला वाट ठेवणारी चौकट अमेरिकेने आपल्या बोटींना सक्तीची केली, आणि पुढे ती न वापरणाऱ्या देशांच्या कोळंबीवर निर्बंध घातले. त्याविरुद्ध भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड जागतिक व्यापार संघटनेत गेले. तो १९९८ चा निकाल आजही अभ्यासला जातो. त्या लढाईचं माप स्नॉर्कलिंगच्या वादापेक्षा कितीतरी मोठं आहे. हेही मान्य की हिरव्या कासवाबाबत चांगली बातमी आहे: ऑक्टोबर २०२५ मध्ये आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने त्याला ‘संकटग्रस्त’ यादीतून काढून सर्वांत कमी चिंतेच्या गटात ठेवलं. घरट्यांची राखण, शिकारबंदी आणि जाळ्यांतल्या सुधारणा यांची दशकांची मेहनत त्यामागे आहे.

तरी या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही. जागतिक सरासरीने एका खाडीचं उत्तर मिळत नाही. हिरवी कासवं आपल्या चरण्याच्या जागेला धरून राहतात. तेच कासव त्याच उथळ पाण्यात वर्षानुवर्षं परत परत दिसतं. म्हणून एखाद्या जागेवरच्या बोटींचा सगळा भार पृथ्वीवरच्या सगळ्या कासवांत वाटला जात नाही, तो तिथल्या मोजक्या ओळखीच्या कासवांवर पडतो. हॉक्सबिल कासव तर अजूनही अतिसंकटग्रस्त आहे, आणि प्रवाळावर स्नॉर्कलिंग करणाऱ्यांना ते हमखास भेटणाऱ्यांपैकी आहे. शिवाय जाळ्यांचा प्रश्न सोडवायला सरकारं, निर्यातदार, आंतरराष्ट्रीय करार लागतात. खाडीत एका वेळी दोनच बोटी सोडायला एक बंदर अधिकारी, चार बोया आणि एक वही पुरते. मोठा प्रश्न सुटत नाही म्हणून हातातला सुटणारा प्रश्न सोडून द्यायचा, यात कोणतं शहाणपण आहे?

एका गोष्टीबद्दल मी कसलीही सवलत द्यायला तयार नाही, ती म्हणजे हमी. ‘कासव दिसणारच, नाही दिसलं तर पैसे परत’ असं सांगून सहल विकली की बोटवाल्याच्या डोक्यावर कासव शोधून काढण्याचं कर्ज बसतं. मग वेग वाढतो, पाठलाग होतो, एका बोटीला दिसलं की सगळ्यांना कळवलं जातं, आणि शेवटी कासवाला खायला घालून ठरावीक जागी यायची सवय लावण्यापर्यंत गोष्ट जाते. खाऊ घालण्याचा शेवट कुठे होतो ते फिलिपिन्समधल्या ओस्लोबला दिसलं आहे. तिथे साधारण २०११ पासून व्हेल शार्कना कोळंबी घालून पर्यटकांसमोर आणलं जातं. शार्क जिथून पुढे निघून गेले असते तिथे रेंगाळू लागले, बोटींची भीती गेली, आणि त्यांच्या अंगावर व्रणांचं प्रमाण मोठं असल्याचं संशोधकांनी नोंदवलं. रानटी प्राणी दिसण्याची हमी देता येत नाही म्हणून तर तो रानटी आहे. जी सहल हमी विकते, ती खरं तर पाठलाग विकते, आणि पैसे देणारा त्यात भागीदार असतो.

उरतो बोटवाल्यांच्या पोटाचा प्रश्न. मर्यादा आली की सर्वांत आधी लहान बोटवाला मरतो, मोठ्या कंपन्या परवाने घेऊन टाकतात, ही भीती निराधार नाही; परवाने लिलावात गेले तर नेमकं तेच होईल. पण फिलिपिन्समधल्याच आपो बेटावर वेगळं झालं. १९८० च्या दशकात सिलिमान विद्यापीठाच्या मदतीने तिथल्या मच्छीमारांनी स्वतः राखीव सागरी क्षेत्र आखलं, त्याची राखण स्वतः केली, आणि पुढे पाहुण्यांकडून येणारं शुल्क बेटावर राहिलं. आज त्या किनाऱ्यालगत चरणारी हिरवी कासवं पाहायला लोक जातात. कासवांच्या वाढीचा भार कुणाच्या खांद्यावर पडतो, हे आपल्या लक्षद्वीपच्या अगत्ती बेटाने दाखवून दिलं आहे. तिथल्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाने वेढलेल्या उथळ पाण्यात, हिरव्या कासवांची गर्दी इतकी वाढली की समुद्री गवताची कुरणं खुरटली, त्यात वाढणारे मासे कमी झाले, आणि स्थानिक मच्छीमारांच्या मनात कासवाविषयी राग साठला. त्या मच्छीमाराला कासव हे नुकसान म्हणून भेटतं आणि पाहुण्याला आनंद म्हणून. या दोघांमध्ये पैसा एकाच दिशेने वाहत असेल, तर संवर्धनाची भाषा त्या बेटावर फार काळ टिकणार नाही. म्हणून परवाने बोटींच्या मालकीवर देऊ नयेत. ते तिथे राहणाऱ्या, त्याच पाण्यावर जगणाऱ्या कुटुंबांना पाळीने मिळावेत, आणि ज्या दिवशी एखाद्याची पाळी नसेल त्या दिवशीही त्याला शुल्कातला वाटा मिळावा, म्हणजे कासवाभोवती घुसण्याची घाई कुणालाच राहणार नाही.

जाणाऱ्याच्या हातात मग काय उरतं? बरंच. सहल ठरवण्याआधी चार प्रश्न विचारता येतात: त्या जागी एका वेळी किती बोटी असतात, पाण्यात किती जण उतरवता, कासवांच्या भागात बोट कोणत्या वेगाने चालवता, आणि हमी देता का. बोट नांगर टाकते की बोयाला बांधते, हेही विचारावं. ज्याला पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं ठाऊक नाहीत आणि चौथ्याला जो अभिमानाने ‘हो’ म्हणतो, त्याच्या बोटीत बसू नये, मग ती कितीही स्वस्त असो आणि कितीही खासगी. आणि बोट सुटल्यावर तांडेल म्हणाला की आज तिथे आधीच दोन बोटी आहेत, आपण दुसरीकडे जाऊ, तर बोटीतल्या वीस जणांपैकी कुणीही कुरकुर न करता त्याला होकार द्यावा. त्या क्षणी तो स्वतःच्या धंद्याविरुद्ध निर्णय घेत असतो आणि त्याला गिऱ्हाइकाची साथ लागते.